रेघ म्हणजे नकाशा नव्हे

शुक्रवारी संध्याकाळी ट्रेकिंगच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोकावा. ‘उद्या रात्री निघतोय, नळीच्या वाटेचा ट्रॅक आहे का कुणाकडे?’ पाच मिनिटांत कुणीतरी जीपीएक्स फाइल टाकतो, चार अंगठे उमटतात, दोघेजण ‘धन्यवाद दादा’ म्हणतात आणि तयारी संपते. हा ट्रॅक कुणी नोंदवला, कुठल्या महिन्यात, सोबत दोर होता की नव्हता, असं कुणी विचारत नाही. ‘नकाशा आहे का?’ हा प्रश्न तर गेल्या कित्येक वर्षांत मी ग्रुपवर पाहिलेला नाही. लोक मागतात ती रेघ.

मोबाइलनं ट्रेकिंगची वाट लावली असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी बोलत नाहीये, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचाही समाचार पुढे घ्यायचा आहे. माझं म्हणणं जवळजवळ उलटं आहे. आपल्याकडे सामान्य माणसाच्या हातात डोंगराचा खरा नकाशा पहिल्यांदा आला तो मोबाइलमुळे. आणि तो आल्या आल्या आपण त्याच्यावरून नजर काढून घेतली आणि त्यावरच्या एका जांभळ्या रेघेला चिकटलो. भुकेल्या माणसापुढे ताट ठेवावं आणि त्यानं फक्त लोणचं चाटावं, तशातला हा प्रकार आहे. फरक एवढाच की लोणचं चाटून कुणी कड्यात अडकत नाही.

जीपीएक्स फाइल एकदा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा. आत एकाखाली एक ठिपक्यांची यादी असते. अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. पुन्हा अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. डावीकडे दरी आहे की शेत, पायाखाली मुरूम आहे की शेवाळलेला कातळ, यातलं काही तिला माहीत नसतं. अमुक एक फोन अमुक वेळी इथून तिथे गेला, एवढंच ती सांगते. फोनच्या मालकाला वाट ठाऊक होती, हेसुद्धा सांगत नाही. तो चुकून अर्धा तास कारवीत भटकला असेल तर ते भटकणंही तितक्याच ठळक रंगात उमटतं. जेवायला बसलेल्या जागी सिग्नल नाचतो आणि तिथे दोऱ्याच्या गुंत्यासारखा गोळा तयार होतो. मागून आलेली मंडळी ‘इथे काहीतरी बघण्यासारखं असणार’ म्हणून त्या गुंत्याभोवती फेऱ्या मारताना मी पाहिली आहेत. शिवाय काही रेघा चालून झालेल्याच नसतात. घरी बसून उपग्रहाच्या चित्रावर माउसनं ओढलेल्या असतात. बारकाईनं पाहिलं तर त्या ओळखू येतात, कारण माणूस डोंगरात इतका सरळ चालत नाही. पण बारकाईनं पाहायचं ठरवलं तर ना.

ऋतूचं तर विचारूच नका. नळीच्या वाटेसारख्या वाटांवरच्या रेघा साहजिकच हिवाळ्यातल्या असतात, कारण जाणती माणसं तिथे तेव्हाच जातात. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी घळ. पावसाळ्यात डोंगराच्या त्या अंगाचं सगळं पाणी तिच्यातूनच खाली येतं, दगड घेऊन येतं. जानेवारीत जी वाट असते तीच जुलैत धबधबा असते. जागा तीच, अक्षांश-रेखांश तेच, रेघ तीच. नकाशा वाचणाऱ्याला समोच्च रेषांची टोकं डोंगराच्या पोटात वळलेली दिसतात आणि ही पाण्याची जागा आहे हे घरबसल्या कळतं. रेघ बघणाऱ्याला फक्त एवढंच कळतं की आपण तिच्यावर आहोत की नाही.

बरं, ‘तिच्यावर आहोत’ याचा तरी अर्थ काय? इथे जरा थांबू, कारण सह्याद्रीची सगळी गोम याच प्रश्नात आहे.

आपला डोंगर लाव्हाच्या थरांचा आहे. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरी किंवा जिना या अर्थाच्या शब्दावरून आला. नाव अगदी चपखल आहे. एक उभा कातळटप्पा, मग एक आडवा पदर, पुन्हा कातळटप्पा, पुन्हा पदर. सह्याद्रीत चढणं म्हणजे पदरावरून आडवं जात वरच्या टप्प्यातली फट शोधायची, तिच्यातून वर जायचं, पुन्हा आडवं जायचं. वाट चुकणं म्हणजे बहुतेक वेळा दिशा चुकणं नसतंच. आपण एक पदर आधी आडवे वळलेलो असतो, किंवा एक पदर नंतर.

मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाचेक मीटरच्या आत आपली जागा दाखवतो. छानच आहे. पण कड्याला खेटून चालताना अर्धं आकाश झाकलेलं असतं, उरलेल्या उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून उशिरा पोहोचतात आणि फोन त्या उशिराचं अंतर मोजून बसतो. नाळेच्या आत तर आकाशाची फक्त एक पट्टी दिसते. तिथे चूक दहा, वीस, कधी त्याहून जास्त मीटरची होते. पायाखालचा पदर दोन मीटर रुंद आहे आणि निळा ठिपका वीस मीटरचं बोलतोय, हे लक्षात घ्या. आणि उंची? उपग्रहावरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षाही जास्त चुकते, ती त्या पद्धतीची जातच आहे. आता एकावर एक असे दोन पदर डोळ्यांसमोर आणा, मध्ये तीस मीटरचा उभा कातळ. वरच्या पदरावरचा माणूस आणि खालच्या पदरावरचा माणूस यांचे अक्षांश-रेखांश जवळजवळ सारखेच. पडद्यावर दोघेही रेघेवर. दोघांपैकी एकाची वाट पुढे बंद होणार आहे, आणि ते त्याला सांगण्याची फोनची ताकद नाही. ते सांगू शकते ती नजर. खाली किती टप्पे सोडले, ओढा ओलांडला का, समोरची सोंड डोळ्यांच्या पातळीत आली का, हे मोजत आलेली नजर.

इथे कुणी म्हणेल, मग ते अ‍ॅप समोच्च रेषा दाखवतंच की! दाखवतं. पण त्या रेषा आल्या कुठून ते ठाऊक आहे का? फुकट मिळणाऱ्या बहुतेक ऑफलाइन नकाशांमधली उंची ही फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानानं अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारनं केलेल्या मोजणीतून आलेली आहे. ती आधी ९० मीटरच्या चौकटीत खुली झाली, पुढे ३० मीटरच्या. कामगिरी अफाट आहे आणि ती जगाला मोफत मिळाली, याबद्दल कृतज्ञताच हवी. पण ३० मीटरच्या एका चौकटीला एकच उंची मिळते. दोनशे मीटरचा उभा कडा आडव्या मापात एका चौकटीतही मावून जातो. मग संगणक इकडची उंची आणि तिकडची उंची घेऊन मध्ये गुळगुळीत उतार आखून देतो. तिरक्या रडारला कड्याची सावलीतली बाजू दिसत नाही, त्या भोकांमध्ये अंदाजानं भर घातलेली असते. परिणाम असा की पडद्यावर जो ‘तीव्र उतार’ दिसतो तो प्रत्यक्षात सरळ तुटलेला कातळ असू शकतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर मधल्या भागात आत वळलेला आहे. एका जागेला दोन उंच्या असू शकतात हे समोच्च रेषेला कळतच नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटमध्ये हीच अडचण होती. १:५०,००० च्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर, आणि दर २० मीटरला एक रेषा. दोनशे मीटरच्या कड्याच्या दहा रेषा एका मिलिमीटरमध्ये कशा बसवणार? पण तिथे माणूस होता. तो डोंगरात गेला होता, त्यानं कडा पाहिला होता, आणि त्यानं रेषा बाजूला ठेवून कड्याची खूण काढली. काही ठिकाणी शेजारी कड्याची सापेक्ष उंचीही लिहिली. नकाशा म्हणतात तो याला. कुणीतरी जमिनीकडे पाहून, चालणाऱ्याला काय कळायला हवं याचा विचार करून घेतलेला निर्णय.

आता जुन्या जाणत्यांकडे वळतो. ‘आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं, आम्ही डोंगर वाचायचो.’ वाचायचात, मान्य. पण काय बघून वाचायचात? ज्यांच्याकडे टोपोशीट होती ते मोजके भाग्यवान होते. सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ साली कंपनी सरकारनं सुरू केली ती महसुलासाठी आणि फौजेसाठी. तोफा कुठून नेता येतील हे कळावं म्हणून घाटवाटा मोजल्या गेल्या, आणि स्वातंत्र्यानंतरही सरकारची वृत्ती तीच राहिली. नकाशा म्हणजे गुपित. देशाच्या सीमांलगतचे आणि समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्यातले नकाशे तर प्रतिबंधितच होते. मग ओळखी लागायच्या, कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र लागायचं, आणि मिळालेल्या एका शीटची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स अशी गुपचूप फिरायची. बाकीच्यांना आनंद पाळंद्यांचं ‘डोंगरयात्रा’ किंवा हरीश कपाडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ होतं, आणि ती पुस्तकं नसती तर कित्येक पिढ्या घरीच बसल्या असत्या. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं लष्करासाठी वेगळी आणि लोकांसाठी वेगळी मालिका केली. २०१७ साली लोकांच्या मालिकेतल्या शीट आधार क्रमांक दिला की मोफत उतरवून घेता येऊ लागल्या. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कुठे केंद्र सरकारनं नकाशे बनवण्या-वापरण्यावरची परवान्यांची बहुतेक बंधनं उठवली. म्हणजे अडीचशे वर्षं.

त्या मधल्या काळात ज्यांनी दार उघडलं ती माणसं वेगळीच होती. २ मे २००० रोजी अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली, आणि शंभरेक मीटरनं चुकणारा ठिपका एका रात्रीत जागेवर आला. २००४ साली ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला आणि कुठल्याही गावातला कुठलाही माणूस आपल्या पायवाटा त्यात काढू लागला. आज नाशिकमधली अकरावीतली मुलगी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड फोनवर घेऊन, रेंज नसताना, एक रुपया न देता आणि कुणाचं पत्र न आणता डोंगराचा नकाशा उघडू शकते. जुन्या जाणत्यांनी याचा उत्सव करायला हवा होता. त्याऐवजी ते तिला कातळावर बसवून ‘मोबाइल ठेव खिशात’ म्हणतात. आपल्याला जे मिळवायला खटपट करावी लागली ते दुसऱ्याला सहज मिळालं की त्याला भ्रष्ट म्हणायचं, ही खोड फक्त गिर्यारोहकांतच आहे असं नाही, पण त्यांच्यात ती जरा जास्त उंचीवर आढळते.

खरं तर या जाणत्यांनी करायला हवं होतं ते दुसरंच. तिला तो नकाशा वाचायला शिकवायला हवा होता. शाळेच्या भूगोलात समोच्च रेषा असतात, परीक्षेत दोन-चार मार्कांचा प्रश्न असतो, पण वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीच्या रेषा कुणी काढायला लावत नाही. ती कसर भरून काढायची जागा ट्रेकिंगच्या संस्था होत्या. त्यांनी बसेस भरायला घेतल्या. एका रेघेवर पन्नास माणसं, पुढे एक लीडर, त्याच्या हातात फोन, फोनवर रेघ. त्या पन्नासांतल्या एकोणपन्नास जणांना आपण कुठल्या खोऱ्यात आहोत, पाणी कुठल्या नदीला जातं, उतरायची दुसरी वाट कुठल्या बाजूला आहे, काही माहीत नसतं. लीडरचा पाय मुरगळला तर काय, हा प्रश्न विचारणं वातावरण बिघडवणं समजलं जातं.

याहून वाईट गोष्ट म्हणजे रस्त्याचं अ‍ॅप डोंगरात नेणं. गुगल मॅप्स हा गाड्यांसाठी बनवलेला नकाशा आहे. त्याला विचारायचं ‘कसं जाऊ’, आणि तो सांगेल तसं जायचं. या सवयीची किंमत डोंगराच्या पायथ्यापासूनच सुरू होते. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी रात्री अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालक बुडून गेला. ते मोबाइलवरच्या नकाशाच्या मागे चालले होते, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. दरवर्षी काही महिने पाण्याखाली असणारा पूल गावात सगळ्यांना ठाऊक होता, फोनला नव्हता. त्याच वर्षी जुलैत स्कॉटलंडमधल्या गिर्यारोहण संस्थांनी जाहीर इशारा दिला की बेन नेव्हिस शिखरासाठी गुगल मॅप्स सुचवतंय ती ठिपक्यांची वाट जिवावर बेतू शकते. शिखराला सगळ्यात जवळचा गाडीतळ ते अ‍ॅप दाखवत होतं आणि तिथून वर नुसती ठिपक्यांची रेघ होती. तिथे ऑर्डनन्स सर्व्हेचे उत्तम नकाशे दुकानात मिळत असताना ही गत. आपल्याकडची काय कथा.

आपल्याकडे तर सरकारला चालणाऱ्यांसाठी नकाशा छापावा असं फारसं वाटलेलं नाही. गडांच्या पायथ्याला फलक असतो. त्यावर रंगवलेलं चित्र असतं, बुरूज आणि तलाव असतात, मोठ्या अक्षरांत उद्घाटकांची नावं असतात. प्रमाण नसतं, उत्तर दिशा नसते, पावसाळ्यात बंद असणारी वाट कुठली ते नसतं. पायवाटेला कमान मिळते, पेव्हर ब्लॉक मिळतात, रेलिंग मिळतं, नकाशा मिळत नाही. आणि अपघात झाला की उत्तर तयार असतं : बंदी. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि पुणे जिल्ह्यात ठिकठिकाणी प्रतिबंधात्मक आदेश निघाले. आदेशात जागांची नावं होती. पाणी कुठून कसं चढतं, सुरक्षित वाट कुठली, हे दाखवणारा एक कागद त्याच्यासोबत निघाला असता तर बिघडलं नसतं. स्वित्झर्लंडनं २०२१ साली आपल्या राष्ट्रीय नकाशाचा सगळा डेटा मोफत खुला केला. आपण त्याच वर्षी बंधनं उठवली, ठीक आहे, पण त्यानंतर राज्यातल्या एका तरी तालुक्याचा चालण्याचा नकाशा मराठीत काढला का? मनाई हुकूम काढायला एक सही लागते. नकाशा काढायला कुणीतरी डोंगरात जावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कशाला, गावातला वाटाड्या घ्यावा. घ्यावाच. अवघड घाटवाटेला वाटाड्या घेऊ नका असं सांगणारा माणूस तुमचा मित्र नव्हे, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. पण वाटाड्याच्या नावानं जे भाबडं गाणं गायलं जातं त्यात मला रस नाही. वाडीतली तरुण मुलं कामाला चाकणला, नाशिकला, मुंबईला गेलेली असतात. घाटाखाली जायला डांबरी रस्ता झाला की बाजाराला, सोयरिकीला, दवाखान्याला पायी उतरणारं कुणी उरत नाही, आणि न चाललेली वाट दोन पावसाळ्यांत कारवीत बुडते. आज जे मामा आपल्याला नाळेतून उतरवतात त्यांच्या नातवाला ती नाळ माहीत नसते. त्यात त्याचा काही दोष नाही, त्याला तिथे जायचं कारणच उरलेलं नाही. मग हे ज्ञान कुठे जाणार? मामांबरोबर.

इथे नावांची गोष्ट येते आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त झोंबते ती हीच. आपल्या वाटांची नावं म्हणजे आपले जुने नकाशे आहेत. नाळ म्हटलं की दगडांनी भरलेली घळ. निसणीची वाट म्हटलं की कुठेतरी निसण, म्हणजे शिडी, लावून कातळटप्पा चढायचा आहे. भीमाशंकरला खांडसहून दोन वाटा आहेत, एक शिडी घाट आणि दुसरी गणेश घाट, आणि पावसात कुठली धरायची हे नावातच अर्धं सांगून टाकलेलं आहे. नाणेघाट ही व्यापाराची बांधलेली वाट, तिला सातवाहनांपासूनचा इतिहास. लादलेले बैल जात असत त्या वाटेची चढण बेताची असणार आणि ती अचानक कड्यावर नेऊन सोडणार नाही. मध काढणाऱ्यांची वाट मात्र कड्यावरच नेणार, कारण त्यांना तिथेच जायचं होतं. हा सगळा अर्थ रेघेत पुसला जातो. बैलवाट आणि मधवाट फोनवर एकाच रंगाच्या, एकाच जाडीच्या. आणि नावं? ‘वॉटरफॉल पॅच’, ‘रॉक पॅच टू’, ‘डेंजर ट्रॅव्हर्स’, ‘सेल्फी पॉइंट’. शेकडो वर्षं ज्या जागेला नाव होतं तिथे आज कुणीतरी रविवारी दुपारी दम खात टाइप केलेलं इंग्रजी बिरूद चिकटलेलं आहे, आणि पुढचे हजार लोक त्याच नावानं ती जागा ओळखणार. साहेबानं टोपोशीटवर गावांची नावं वेडीवाकडी लिहिली म्हणून आपण अजून हसतो. त्यानं निदान विचारून लिहिली होती.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक जागेला मराठी नाव देवनागरीत भरायची वेगळी सोय आहे. कड्याची खूण आहे, झऱ्याची आहे, वाट किती अवघड आणि किती ठळक आहे ते सांगायची पद्धत आहे. फोनवर मराठी कीबोर्ड आहे. तरी सह्याद्रीतल्या घाटवाटांवर फिरून पाहा, पडद्यावर हो : तुटक रेघा, बिननावाच्या. कडे तर जवळजवळ नाहीतच. ज्या समाजात गडावर गेल्यावर घोषणा द्यायला शेकडो कंठ मिळतात, त्याला गडाखालच्या घळीचं नाव लिहायला माणूस मिळत नाही. आणि रेघ तर रोज उतरवून घेतली जाते. घेणारे हजारो, आणि परत देणारे? बोटांवर मोजावे लागतील.

मग फोन घेऊन डोंगरात जावं कसं? माझी पद्धत जुनाट आहे, पण ती या नव्या यंत्रावर उत्तम चालते. रेघ मिळाली तर घ्या, पण ती नकाशावर ठेवून घरी, बुधवार-गुरुवारी, तासभर वाचा. ती कुठल्या सोंडेनं चढते, ओढे किती वेळा ओलांडते, पदरावर कुठे वळते, ते शब्दांत लिहून काढा. वाक्यं लिहिता येत नसतील तर ती वाट तुम्हाला कळलेली नाही. उपग्रहाचं चित्र फेब्रुवारी-मार्चमधलं मिळालं तर बघा, पानं झडलेली असतात आणि मळलेली वाट पांढरट दिसते. अ‍ॅपनं सांगितलेल्या वेळेवर विश्वास ठेवू नका. ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त, हा नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाचा १८९२ चा नियम आहे, आणि असले वेळेचे हिशेब त्याच जातीचे असतात. नेस्मिथनं कारवी पाहिली नव्हती. परत फिरायची वेळ घड्याळात ठरवून निघा आणि ती सगळ्यांना माहीत असू द्या. नकाशा ऑफलाइन उतरवलेला आहे ना, हे फोन विमान मोडवर टाकून घरीच तपासा. रेंज नसली तरी उपग्रह दिसतात, फक्त पहिली जागा सापडायला जास्त वेळ लागतो, तेव्हा खोल घळीत शिरायच्या आधी, उघड्यावरच तो ठिपका पकडून ठेवा. चुंबकाच्या झाकणाचं कव्हर घरी ठेवा, त्यानं होकायंत्र वेडं होतं. पावसात ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, उलट थेंबच बटणं दाबतात. म्हणून एक छापील कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाच, आणि तो लीडरकडे नव्हे, निदान तिघांकडे हवा.

आणि चालताना फोन खिशात. हे म्हणताना मी जुन्या जाणत्यांच्या पंगतीला बसतोय असं वाटेल, पण कारण वेगळं आहे. फाट्यावर, खिंडीत, ओढ्याच्या काठी फोन काढा, आधी स्वतः सांगा की आपण कुठे आहोत, मग ठिपक्याला विचारा. दोघांचं जमलं तर पुढे चला. जमलं नाही तर थांबा, तिथेच. रेघेवर दहा मीटर डावीकडे, दहा मीटर उजवीकडे सरकत राहणारी माणसं त्या दहा मीटरमध्येच घसरतात. अडकलातच, तर ११२ ला किंवा बचावपथकाला जागा सांगताना अक्षांश-रेखांश अंशांच्या दशांशात सांगताय की अंश-मिनिट-सेकंदांत, हे स्पष्ट सांगा. आकडे तेच ठेवून पद्धत चुकवली तर शोधणारे भलत्याच डोंगरात पोहोचू शकतात. रात्री आपली नोकरी-धंदा सोडून दोर घेऊन येणारी ही गावोगावची मंडळी स्वयंसेवक असतात, एवढं तरी ध्यानात असू द्यावं.

शेवटचा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो : सगळं नकाशावर टाकलं तर गर्दी होईल. उलट आहे. गर्दी रेघेनं होते. ठरावीक दहा-पंधरा रेघा लोकप्रिय झाल्या म्हणून सुट्टीच्या दिवशी हरिहरच्या पायऱ्यांवर माणसं ताटकळतात आणि शेजारच्या डोंगरावर गुराख्याशिवाय कुणी नसतं. नकाशा वाचता येणारा माणूस शेजारचा डोंगर निवडतो. सगळं टाकू नये हे मात्र खरं. गिधाडांच्या घरट्यांचे कडे, देवराईतली आतली जागा, वाडीचं पिण्याचं पाणी असलेला झरा, यांची खूण करायची की नाही ते वाडीत विचारावं आणि ‘नको’ म्हणाले तर नको. पण त्यासाठी वाडीत थांबावं लागेल, चहा घ्यावा लागेल, समोरच्या घळीकडे बोट दाखवून तिला काय म्हणतात ते विचारावं लागेल, आणि उत्तर देवनागरीत लिहून घ्यावं लागेल. दिवाळीनंतर वाटा सुकतात, गवत पिवळं पडतं आणि मामांना वेळ असतो.